वखारीचे पेढे

जपानातल्या कोबेच्या मोतोमाची स्टेशनातून बंदराकडे उतरत गेलं, की मोठा रस्ता ओलांडल्यावर डाव्या हाताला एक अरुंद गल्ली लागे. गल्लीच्या तोंडाशी लाल विटांची एक जुनी वखार होती आणि तिच्यासमोर एक चार मजली इमारत. त्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर स्नेहलताचं बिऱ्हाड होतं. भाजी चिरताना, कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना तिची नजर खिडकीतून खाली जाई ती थेट वखारीच्या काळ्या कौलांवर.

स्नेहलता मूळची खामगावची. वडील जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, त्यामुळे कापूस, सरकी आणि गाठी यांच्यातच तिचं लहानपण गेलं. लग्न झालं, थोडे दिवस पुण्यात काढले आणि नवऱ्याच्या मागोमाग ती कोबेला आली. नवरा हेमचंद्र एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर कापडाच्या निर्यातीचं काम पाही. माणूस शांत, पण बोलला की चिमटा काढल्याशिवाय राहत नसे. मुलगी नुपूर तिथेच जन्मली. आई मराठीत विचारी, ती जपानीत उत्तर देई, आणि दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

वखारीच्या मालकीणबाई म्हणजे तात्सुनो-सान; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, पाठीत जराशी वाकलेली विधवा बाई. वखारीला लागून असलेल्या दोन खोल्यांत एकट्या राहत. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी त्या वखारीत मुंबईहून बोटीनं आलेल्या कापसाच्या गाठी रचलेल्या असत. पुढे कापूस थांबला, चहाच्या पेट्या आल्या, मग कागदाची खोकी, आणि शेवटी नुसतीच मोकळी जागा राहिली. "मुंबईहून म्हणजे आमच्या खामगावच्यासुद्धा असतील काही गाठी," असं स्नेहलतानं पहिल्याच ओळखीत सांगून टाकलं होतं. तात्सुनो-साननी खामगाव कुठे आहे हे विचारलं नाही. त्यांनी मान लववली आणि म्हणाल्या, "मग तुमचं आमचं येणंजाणं फार जुनं म्हणायचं."

स्नेहलता हे नाव त्यांच्या जिभेला पेलेना. तिची 'सुनेहा-सान' झाली आणि गल्लीभर तेच नाव चाललं.

तात्सुनो-सान रोज सकाळी वखारीपुढचा रस्ता झाडीत. आपली हद्द संपली की शेजाऱ्याच्या दारापुढेही हातभर झाडीत, पण तेवढंच. स्नेहलता नव्यानं आली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. एका सकाळी आपल्याबद्दल चांगलं वाटावं म्हणून तिनं झाडू घेतला आणि अख्खी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख केली. दुपारपर्यंत गल्लीतली एकेक बाई तिच्या दाराशी येऊन वाकून क्षमा मागून गेली. स्नेहलता घाबरली. तेव्हा तात्सुनो-साननीच तिला समजावलं होतं, "शेजाऱ्याचं हातभर झाडलं तर त्याला आपली आठवण होते. सगळं झाडलं तर तो ओशाळतो."

हेमचंद्रला चिडवायला ही गोष्ट कायमची पुरली. घरात तिनं काही जास्तीचं करायला घेतलं, की तो म्हणे, "हातभरच हं, सुनेहा-सान!"

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत, सतरा तारखेच्या पहाटे, कोबेची जमीन हलली.

त्या वर्षी संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. येत्या रविवारी हळदीकुंकू करायचं म्हणून स्नेहलतानं तिळगुळाचे लाडू करून स्टीलचा मोठा डबा भरून ठेवला होता. तीळ कोपऱ्यावरच्या दुकानातले, गूळ ओकिनावाचा काळा. भिंती हलायच्या थांबल्यावर हेमचंद्र ओरडला, "पासपोर्टची पिशवी घे!" अंधारात हाताला जे लागलं ते छातीशी धरून, नुपूरला ओढत ती जिना उतरली. खाली येऊन पाहते तो हातात तिळगुळाचा डबा.

गल्लीतली कितीतरी घरं बसली होती. त्यांची इमारत उभी होती, पण जिन्याला मोठी भेग गेली होती आणि वर ना पाणी, ना वीज, ना गॅस. जवळच्या शाळा माणसांनी भरून गेल्या. दिवस मावळायला आला, गारठा वाढला, तेव्हा तात्सुनो-सान वखारीच्या किल्ल्या घेऊन आल्या. वखारीच्या एका बाजूच्या भिंतीच्या वरच्या विटा खाली आल्या होत्या, पण आतले जाडजूड लाकडी खांब आणि तुळया जागच्या हलल्या नव्हत्या. तरी आत जायचा धीर कुणाला होईना. तेव्हा हामादा-सान पुढे झाले. हे गल्लीतले तोफूवाले. अंगानं धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. सोयाबीनच्या दुधाचा तोफू पाडायची त्यांची कढई त्याच सकाळी दुकानाच्या ढिगाऱ्याखाली गेली होती.

"आधी मी जातो," ते म्हणाले. "पडलीच, तर तोफूचं दुकान आणि तोफूवाला एकाच दिवशी गेले म्हणा, लक्षात ठेवायला सोपं." त्यांनी एकेक खांब खांद्यानं रेटून पाहिला, वर पाहिलं, आणि हात हलवून सगळ्यांना आत बोलावलं.

त्या संध्याकाळी वखारीत खायला होतं ते एवढंच : कुणाची बिस्किटं, कुणाची संत्री आणि स्नेहलताचा तिळगूळ. तिनं एकेकाच्या हातावर एकेक लाडू ठेवला. तात्सुनो-साननी तो हळूहळू चघळला आणि डोळे मिटूनच म्हणाल्या, "तीळ आणि काळी साखर. ही चव मला माहीत आहे." अनोळखी मुलखातली म्हणून गल्लीतले जे अजून स्नेहलताशी चार शब्दांपलीकडे बोलले नव्हते, तेही त्या चवीवर बोलू लागले. नुपूर भिंतीला पाठ लावून झोपली. धक्के बसत राहिले, पण भिंत तिच्या पाठीशी राहिली.

जिना दुरुस्त होईपर्यंत ते तिघं वखारीतच राहिले, गल्लीतल्या बाकीच्या बिऱ्हाडांबरोबर. स्नेहलतानं मोठ्या पातेल्यात खिचडी केली, हामादा-साननी कुठून तरी शेगडी पैदा केली. समोरच्या कॉफीच्या दुकानाच्या मालकीण निशिवाकी-सान. त्यांचं दुकान भुईसपाट झालं होतं, पण ढिगाऱ्यातून काढलेल्या कॉफीच्या दाण्यांचा एक डबा त्यांनी आणला आणि रोज सकाळी वखारीत कॉफीचा वास सुटू लागला.

तिळगुळाचा डबा रिकामा झाला, तेव्हा तात्सुनो-साननी तो मागून घेतला. टँकरचं पाणी रांगेत उभं राहून आणावं लागत असताना त्यांनी तो स्वच्छ धुतला आणि उकडलेली रताळी भरून परत दिला. आता आला का प्रश्न! भरून आलेला डबा रिकामा कसा पाठवायचा? स्नेहलतानं घरी परत गेल्यावर त्यातून शिरा पाठवला. डबा मुळ्याचं लोणचं घेऊन आला. तिनं भाजणीचे वडे पाठवले. डबा भात घेऊन आला. त्यावर बारीक सुकी मासळी पसरलेली. स्नेहलता शाकाहारी. तिनं झाकण उघडलं आणि त्या इवल्या इवल्या डोळ्यांकडे पाहून झटकन परत लावलं. नुपूरनं मात्र सगळा भात चाटूनपुसून संपवला आणि "ओबाचानला सांग, फार छान होता," असं आईला बजावलं. ओबाचान म्हणजे आजी.

रिकामा डबा परत करायचा नाही, ही खामगावची रीत. मिळालेल्या वस्तूच्या बदल्यात काही दिल्याशिवाय राहायचं नाही, ही कोबेची. दोन्ही रीती एकमेकींना अशा भेटल्या की डबा जागच्या जागी थांबेना.

"हा डबा एक दिवस आपणहून चालायला लागेल," हेमचंद्र म्हणे. "जिन्यात भेटला तर मी त्याला वाट देईन."

उन्हाळा आला तसा गल्लीत एक प्रश्न न बोलता फिरू लागला. भूकंपानंतर तपासणीवाले येऊन घरोघरी कागद चिकटवून गेले होते. वखारीवरचा कागद पिवळा होता. म्हणजे जपून वापरा. नुकसान झालेली इमारत पाडायची असेल, तर ते काम सरकारी खर्चानं होई; दुरुस्ती मात्र ज्याची त्यानं करायची. त्यामुळे शहरातल्या कितीतरी जुन्या इमारती त्या वर्षी जमीनदोस्त होत होत्या. तात्सुनो-सानचा एकुलता एक मुलगा मासाहिको तोक्योत नोकरीला होता. भूकंपाच्या दिवशी तो सकाळपासून फोन लावत बसला होता आणि फोन लागत नव्हता. त्या दिवसाची भीती त्याच्या अंगातून गेली नव्हती. वखार पाडावी, जागा मोटारी लावायला द्यावी आणि आईनं आपल्याजवळ तोक्योत यावं, असा त्याचा आग्रह चालला होता. हे निशिवाकी-सानना ठाऊक होतं, म्हणून स्नेहलताला ठाऊक झालं. पुढे काय ठरलं, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आणि विचारायचं कसं? अशा गोष्टी तिथे विचारत नाहीत.

स्नेहलता खिडकीतून कौलांकडे पाहत राही. तिनं आजवर पुष्कळ माणसांचे आभार मानले होते. इमारतीचे कसे मानायचे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त एवढं वाटे, की ज्या भिंतीनं माझ्या लेकीच्या पाठीशी उभं राहून रात्री काढल्या, तिच्यावर यंत्र चालताना मला ह्या खिडकीतून पाहावं लागू नये.

आणि मग ऑक्टोबरमध्ये, एका स्वच्छ सकाळी, तिनं खिडकीतून पाहिलं. वखारीचं मोठं दार उघडं होतं. दाराशी एक छोटं टेबल मांडलं होतं. त्यावर तांदूळ, मीठ, फळं आणि साके या तांदळाच्या दारूची बाटली. देवळातले पुजारी पांढऱ्या कपड्यांत उभे राहून काही म्हणत होते आणि कागदी पट्ट्या लावलेली काठी हलवत होते. मासाहिको काळ्या सुटात वाकून उभा होता. तात्सुनो-सान रुमालानं डोळे टिपत होत्या.

स्नेहलताच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या वर्षी कोबेत असे पुजारी जिकडे तिकडे दिसत. मोकळ्या जागेवर बांबू उभे करून दोरी बांधत, तांदूळ आणि मीठ वाहत, आणि बघता बघता तिथे नवं घर उभं राही. आणि आपल्याकडेही निराळं काय असतं? भूमिपूजन काय, वास्तुशांत काय. पूजा झाली की कामाला सुरुवात. तात्सुनो-साननी वखार दुरुस्त करायचं ठरवलं होतं! डोळे आनंदानं भरून आले असणार.

तिनं तिथल्या तिथे दुधाची पावडर आणि कंडेन्स्ड मिल्क काढलं. किटानो भागातल्या भारतीय दुकानातून आणलेली वेलची कुटली. हेमचंद्र जेवायला घरी आला, तेव्हा परातीत पेढे वळून झाले होते.

"अगं, पण विचारलंस का त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? डोळ्यांनी पाहिलं मी."

"पासपोर्टची पिशवीसुद्धा तू डोळ्यांनी पाहूनच उचलली होतीस."

"अहो, गप्प बसा आणि एक खा."

डबा भरून ती खाली गेली, तर तात्सुनो-सानच्या दाराला कुलूप. मुलाबरोबर चार-सहा दिवसांसाठी तोक्योला गेल्या, असं निशिवाकी-सान म्हणाल्या. त्यांनी मोडक्या दुकानाच्या जागी पत्र्याची टपरी टाकून कॉफी सुरू केली होती. डबा त्यांच्याकडे ठेवून स्नेहलतानं उरलेले पेढे ताटलीतून गल्लीभर वाटले. प्रत्येक दाराशी तिनं तेच सांगितलं, "तात्सुनो-सानची वखार दुरुस्त होणार. पूजा झाली. तोंड गोड करा."

कुणी शंका घेतली नाही. सुनेहा-सान आणि तात्सुनो-सान यांच्यात डबा चालतो हे गल्लीला माहीत होतं. तिला आतली बातमी असणारच. हामादा-साननी पेढा अख्खा तोंडात टाकला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. एवढ्या आवाजाचा माणूस गप्प झालेला पाहून स्नेहलताला नवल वाटलं, पण तेही तिनं आनंदाच्याच खात्यावर टाकलं.

तात्सुनो-सान परत आल्या त्या संध्याकाळी दारावर टकटक झाली. त्या चार जिने चढून आल्या होत्या. एरवी त्या कधी वर येत नसत. हातात रुमालात बांधलेला डबा होता. स्नेहलतानं तो घेतला. डबा हलका होता.

"सुनेहा-सान, मी क्षमा मागायला आले आहे," तात्सुनो-सान म्हणाल्या.

"तुम्ही? कशाबद्दल?"

त्या आत येऊन बसल्या. हात मांडीवर ठेवून हळूहळू सांगू लागल्या. "ती पूजा निरोपाची होती. आमच्याकडे घर पाडण्याआधी त्याला आणि त्यातल्या देवांना सांगावं लागतं, की इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळलंत, आता जातो आम्ही. डिसेंबरमध्ये वखार पाडणार आहेत. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं धैर्य झालं नाही."

स्नेहलताचे कान तापले. "मी... मी तर पेढे वाटले."

"फार छान झाले होते," तात्सुनो-सान म्हणाल्या. आणि तोंडावर हात ठेवून त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "घरी येऊन पाहते तर दारात साकेच्या बाटल्या. लाल-पांढऱ्या दोऱ्यांनी बांधलेल्या. कुणी लाल दाण्यांचा मंगल भात ठेवला आहे, कुणी फळं. हामादा-साननी तर ढिगाऱ्यातून वेचून ठेवलेली जुनी कौलं आणून रचली आहेत, दुरुस्तीला लागतील म्हणून. एवढी सगळी अभिनंदनं मी आता परत कशी करू? दुःखात दिलेलं परत करता येतं एखादे वेळी. आनंदानं दिलेलं कसं करायचं?"

मग त्यांनी डब्याकडे पाहिलं. "हाही रिकामाच आणला. तुम्ही मंगलाचं दिलंत, त्याला मंगलाचंच परत यायला हवं. माझ्याकडे ते नाही."

स्नेहलतानं रिकामा डबा ओट्यावर ठेवला. अख्खी गल्ली झाडून ठेवली होती तिनं पुन्हा एकदा. आणि मग, तिथे जे विचारत नाहीत, ते तिच्या तोंडून निघून गेलं. "तात्सुनो-सान, तुम्हाला स्वतःला वखार पाडायची आहे का?"

तात्सुनो-सान उठून खिडकीशी गेल्या. खाली मावळतीच्या उजेडात काळी कौलं दिसत होती.

"माझं छप्पर इथून असं दिसतं होय!" त्या म्हणाल्या. "मी कधी पाहिलंच नव्हतं." आणि थोड्या वेळानं, पाठमोरीच, "निरोप देऊन झाला आहे. तरी आज आल्या आल्या मी दारापुढचं झाडलं. ज्याला निरोप दिला, त्याच्यापुढे पुन्हा असं झाडू घेऊन जायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलता दारोदार क्षमा मागायला निघाली. चूक तिची, गल्लीत तोंड लपवायची वेळ तात्सुनो-सानवर येता कामा नये. पहिलं दार हामादा-सानचं. ते एका पत्र्याच्या खोलीत राहत होते आणि दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जात होते. तिनं वाकून सगळं सांगितलं. माझीच समजूत चुकली, वखार दुरुस्त व्हायची नाही, पाडायची आहे.

हामादा-साननी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी पेढा खाल्ला, बाटली दिली, कौलं उचलून माझी कंबर मोडली. आणि बायकोला सांगून बसलो आहे." इथे त्यांचा आवाज एकदम उतरला. "वखार दुरुस्त झाली, की तात्सुनो-सानना एक कोपरा मागायचा होता. कढई लावायला. दुसऱ्याच्या हाताखाली तोफू करायचा म्हणजे... तुम्ही दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटून पाहा, मग कळेल."

"मग आधीच का नाही मागितलात?"

"जाणाऱ्या बाईजवळ कोपरा मागतात का? ती जाणार की राहणार हेच माहीत नव्हतं. तुम्ही पेढा दिलात तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता मागता येईल."

निशिवाकी-सानच्या टपरीतही तेच निघालं. त्यांनाही वखारीत चार टेबलं टाकायची होती. आपण मागितलं तर तात्सुनो-सानना राहण्याची सक्ती केल्यासारखं होईल, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. सगळेजण एकमेकांच्या दारापुढचं हातभरच झाडत होते आणि मधली जागा तशीच राहिली होती. स्नेहलता तिथेच टपरीच्या स्टुलावर बसली. तिला हसावं की रडावं कळेना. "मग आता बोला ना!" ती म्हणाली. "चुकून का होईना, मी बोलून बसले आहे."

निशिवाकी-सानचा एक भाचा क्योतोच्या विद्यापीठात इमारतींची बांधणी शिकवत असे. त्याला बोलावलं. तो एक अख्खा दिवस वखारीत तुळयांवरून सरपटत होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या केसांत कोळिष्टकं होती आणि चेहऱ्यावर हसू. पडलेली भिंत नव्यानं बांधावी लागेल, विटांना आतून लोखंडाचा आधार द्यावा लागेल. पण सांगाडा भक्कम आहे, असं त्यानं सांगितलं.

रविवारी मासाहिको तोक्योहून आला. गल्ली जमलेली पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. पण तो वाईट माणूस नव्हता. त्यानं निशिवाकी-सानच्या भाच्याचं सगळं म्हणणं ऐकलं, हामादा-सान आणि निशिवाकी-सान भाड्यानं जागा घ्यायला तयार आहेत हेही ऐकलं. मग म्हणाला, "हे सगळं खरं असेल. पण पुन्हा जमीन हलली, तर मी तोक्योत असेन आणि आई इथे. फोन लागणार नाही. तुम्हाला ते कसं सांगू?"

तो स्नेहलताकडे वळला. "तुम्ही त्या दिवशी आईजवळ होतात ना?"

"हो."

"ती कुठे झोपली होती?"

स्नेहलता त्याला आत घेऊन गेली आणि दाराजवळचा एक खांब दाखवला. "इथे. आणि माझी नुपूर तिथे, भिंतीशी. हामादा-सान दारात आडवे झाले होते, वारा येऊ नये म्हणून."

मासाहिकोनं खांबावर हात ठेवला. "मी फोन लावत होतो," तो म्हणाला.

"त्या वेळी त्या आपलं पांघरूण काढून माझ्या मुलीच्या पायांवर घालत होत्या," स्नेहलता म्हणाली. "मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, माझा मुलगा लहान असताना पायच बाहेर काढून झोपायचा, मला सवय आहे. त्या एकट्या नव्हत्या हो. आम्ही सगळे होतो."

बाहेर येऊन त्यानं आईला विचारलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की हे त्यानंही आजच विचारलं होतं. "आई, तुला काय हवं आहे?"

तात्सुनो-साननी झाडूची मूठ दोन्ही हातांत धरली होती. "मला इथेच झाडू दे," त्या म्हणाल्या.

पाडण्याचा अर्ज मागे घेतला गेला. पण एक अडचण राहिली, आणि ती मासाहिकोनंच पुढे आणली. वखारीतल्या देवांना निरोप देऊन झाला होता. आता काय करायचं? पुजाऱ्यांना बोलावलं. ते भले गृहस्थ विचारात पडले. "जमीन शांत करायची पूजा मला येते, घराला निरोप द्यायची येते. पण निरोप दिलेल्यांना परत या म्हणायचं, हे माझ्या हातून कधी झालं नाही. त्यांना काय वाटेल?"

"आमच्याकडे गणपतीला निरोप देतानाच सांगतात, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून," स्नेहलता म्हणाली. "दरवर्षी जातात आणि दरवर्षी येतात. त्यांना काही वाटत नाही."

पुजाऱ्यांनी यावर नीट विचार केला. "मग हरकत नसावी," ते म्हणाले.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी पुन्हा तेच टेबल, तेच तांदूळ, तेच मीठ. या वेळी स्नेहलता खिडकीत नव्हती. खाली, तात्सुनो-सानच्या शेजारी उभी होती. पुजाऱ्यांनी काय म्हटलं ते तिला सगळं कळलं नाही, पण सुरुवातीला ते क्षमा मागत असावेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिनंही मनात हात जोडले. एवढे दिवस जे कसं म्हणायचं हे तिला सुचत नव्हतं, ते तिनं साध्या मराठीत म्हणून टाकलं. लेकीला सांभाळलंत, फार उपकार झाले.

"पेढे कुठे आहेत?" हामादा-सान मोठ्यानं म्हणाले. "आणले नाहीत?"

"ते आगाऊ वाटून झाले ना," हेमचंद्र म्हणाला. त्या दिवशी त्याचा चिमटा कुणालाच लागला नाही.

संध्याकाळी डबा आला. तात्सुनो-साननी मासाहिकोच्या हाती वर पाठवला होता. स्नेहलतानं तो दोन्ही हातांनी घेतला. आत लाल दाण्यांचा भात गच्च दाबून भरला होता, वर तीळ पेरलेले. नुपूरनं मान घालून पाहिलं आणि मासळी नाही म्हणून जरा नाराज झाली.

वखारीचं काम वर्षभर चाललं. पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला हामादा-सानची कढई एका कोपऱ्यात बसली, निशिवाकी-सानची टेबलं दुसऱ्या. आता पहाटे वखारीच्या वरच्या झरोक्यातून वाफ निघते आणि चौथ्या मजल्यावर आधी सोयाबीनचा आणि मग कॉफीचा वास येतो. तात्सुनो-सानची पाठ अलीकडे फार दुखते, म्हणून वखारीपुढचं स्नेहलता झाडते. त्या दारात स्टुलावर बसून लक्ष ठेवतात. वखारीची हद्द संपते, झाडू हातभर पुढे जातो, आणि स्नेहलताचा हात उत्साहानं आणखी पुढे जाऊ लागला की मागून आवाज येतो, "सुनेहा-सान, बस. तिथून पुढे त्यांचं."

डबा सध्या तात्सुनो-सानकडे आहे.